मधुमेह्याची वेगळी पिशवी

बुधवार पेठेतील ज्या गणपतीपुढे पुणेकरांची आणि परगावच्या भाविकांची गर्दी नित्य लोटते, तो ज्या दगडूशेठांच्या नावाने ओळखला जातो ते व्यवसायाने हलवाई होते. तेव्हा मोदक-पेढ्यांच्या या मुलखात उभे राहून मधुमेह्याच्या बाजारहाटाची चर्चा करणे काहींना औचित्यभंग वाटेल. परंतु मधुमेह्याचा खरा प्रतिपक्षी हलवाई नव्हे. आपल्या मालात साखर आहे हे हलवाई कधी नाकारत नाही, आणि ते गिऱ्हाईकही जाणून असते. खरा प्रतिपक्षी आहे तो किराण्याच्या आणि औषधांच्या दुकानांत अलीकडे थाटला जाणारा स्वतंत्र कप्पा, ज्यावर ‘डायबेटिक’ बिस्किटे, ‘शुगर-फ्री’ लाडू आणि नेहमीच्या पिठाहून कितीतरी महाग असे खास पीठ मोठ्या दिमाखाने मांडलेले असते.

या कप्प्याचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: मधुमेही हा इतरांहून निराळा जीव असून त्याचे अन्न निराळे, म्हणून त्याचा किराणाही निराळा, घराची यादी पूर्ववत् चालू द्यावी आणि त्या एकट्यासाठी एक वेगळी पिशवी भरून आणावी. हा पक्ष दिसायला दयाळू आहे, दुकानदाराला किफायतशीर आहे आणि कुटुंबीयांना सोयीचा आहे. तो खरा मात्र नाही.

त्या कप्प्यावरील बिस्किटांचा एखादा पुडा हाती घेऊन उलटा करावा. दर्शनी बाजूस साखर नसल्याची द्वाही ठळक अक्षरांत फिरवलेली असते; पाठीमागे, चष्मा कपाळावरून नाकावर आणल्याखेरीज वाचता येणार नाहीत अशा अक्षरांत, घटकांची यादी असते. कायद्याने ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, आणि तिच्या अग्रस्थानी बहुधा मैदा किंवा तत्सम पीठ विराजमान असते. मागोमाग तेल येते. आमच्या 2018 सालच्या नियमांप्रमाणे 100 ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर नसेल तर त्यास ‘शुगर-फ्री’ म्हणण्याची मुभा आहे. नियम चुकीचा नाही, पण तो साखरेपुरताच बोलतो; पिष्टाविषयी त्याने मौन पाळले आहे, आणि मैद्यातील पिष्टाचे पोटात गेल्यावर ग्लुकोजच होते, ही गोष्ट कोणत्याही वेष्टनाने बदलत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन नावाचा जिन्नस तर साखरेच्या सदरात न येताही रक्तातील साखर ग्लुकोजच्याच वेगाने चढवतो. साखरेऐवजी मॅल्टिटॉलसारखे पदार्थ वापरले असतील, तर त्यांच्या अतिसेवनाने पोट बिघडते, अशी सूचनाही तेथेच कोठेतरी मुकाट्याने छापलेली आढळेल. जर्मनीत अशा ‘मधुमेह्यांच्या’ खाद्यपदार्थांना एके काळी कायद्यात स्वतंत्र स्थान होते. त्यांचा वैद्यकीय उपयोग नाही असे ठरल्यावर 2010 साली ती तरतूद रद्द करण्यात आली आणि दुकानदारांना 2012 पर्यंतची मुदत देऊन तो मामला मिटवण्यात आला. तेथे जे बरखास्त झाले, त्याची येथे नव्याने पेढी उघडावी हे नवलच म्हणावयाचे.

दुसरा पूर्वपक्ष देशाभिमानाचा वेष धारण करून येतो. साखर विष आहे, गूळ मात्र औषध आहे. मध तर अमृतच. आणि गहू सोडून ज्वारी धरली की भाकऱ्या मोजण्याचे कारण उरत नाही, असे याचे प्रतिपादन असते. गुळात बहुतांशी साखरच असते आणि मधाचेही तेच. याहून अधिक शब्द त्यांवर खर्चण्याची जरुरी नाही. ज्वारीचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण ज्वारी खरोखरच चांगले धान्य आहे. तथापि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणे 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम कर्बोदके असतात आणि तितक्याच कणकेत सुमारे 64. चोथा दोहोंत 10-11 ग्रॅमच्या घरात. तेव्हा दोन पोळ्यांच्या जागी चार भाकऱ्या खाणाऱ्याने धान्य बदलले, हिशेब बदलला नाही. चरकाने प्रमेह्यास यव सांगितले हे आम्हांस ठाऊक आहे; पण ते पोटभर कोंबावेत, असे काही सांगितले नाही.

आता मंडनाकडे वळू. बुधवार पेठेपासून फारशा दूर नसलेल्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील बालकांचा जो अभ्यास आरंभला, त्यातून असे निष्पन्न झाले की आपली अर्भके इंग्लंडमधील अर्भकांच्या मानाने वजनाने हलकी, परंतु मेदाच्या प्रमाणात तितकी उणी नसतात. याच विषयावरील 2004 सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक एकच, 22.3, पण शरीरातील मेद युडकिनांच्या ठायी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या ठायी 21.2 टक्के! ज्या घरात आजोबांना मधुमेह आहे त्या घरातला सडपातळ नातूही निर्धास्त राहू शकत नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा? 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने देशात 10 कोटींवर मधुमेही आणि 13 कोटींवर मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसे असल्याचे अनुमान काढले. तेव्हा वेगळी पिशवी कोणाकोणासाठी भरणार? आमचा सिद्धान्त असा की रोगी एक असला तरी किराणा सर्वांचा बदलावा.

बदलावा म्हणजे विलायती जिन्नस आणावेत असे नव्हे. तांदळाचे माप उतरवावे आणि मटकी, मूग, हरभरा, कुळीथ यांचे चढवावे. 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा जेमतेम 3 ग्रॅम, मटकीत सुमारे 15, आणि प्रथिने तांदळाच्या दुपटीहून अधिक. गिरणीत गहू देताना त्यात हरभरे मिसळावेत आणि घरी आल्यावर कोंडा चाळून टाकू नये. उपासाच्या नावाखाली साबुदाणा पिशवीत शिरतो, तो जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे. त्यास रजा द्यावी. बुधवार पेठेला लागूनच महात्मा फुले मंडई आहे. तेथे मेथी, चाकवत, दोडका, घेवडा, पडवळ यांवर सढळ हाताने पैसा खर्चावा, आणि फळे वर्ज्य न करता एका वेळी एखादा पेरू घ्यावा, आंब्याची पेटी नव्हे. जाताजाता तुळशीबागेतून एक लहान वाटी विकत घ्यावी आणि भात तिनेच वाढावा. त्या सबंध खास कप्प्यापेक्षा ही वाटी अधिक उपयोगी पडेल, असे आम्ही जबाबदारीने म्हणतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्याचे घर शिधापत्रिकेवर चालते, त्यास दरमहा माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते, पण ते प्रामुख्याने तांदूळ आणि गहू. कडधान्याचे माप वाढवा हा उपदेश त्याने कोणत्या पैशाने पाळावा? येथे दोष त्या कुटुंबाचा नाही, आणि रास्त भावाच्या दुकानात डाळी व कडधान्ये कायमची यावीत ही मागणी मधुमेह्यांनी सरकारदरबारी लावून धरली पाहिजे.

एक सूचना राहिली. यादी सुधारण्याच्या उत्साहात साखरेचा डबा घरातून हद्दपार करू नका. इन्सुलिन अथवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यास एकाएकी घाम फुटला, हात कापू लागले आणि रक्तातील साखर 70 च्या खाली गेली, तर तीन-चार चमचे, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून त्यास तत्काळ पाजावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि उतार नसेल तर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे. साखर अशी उतरलेली असताना ‘शुगर-फ्री’ सरबत कुचकामी ठरते.