विषशास्त्राचा वर्ग कोरेगावच्या शिवारात भरावा

बी. फार्मसीच्या सहाव्या सत्रात फार्माकॉलॉजीचा तिसरा पेपर असतो. त्याच्या पाचव्या आणि शेवटच्या युनिटमध्ये विषशास्त्राची मूलतत्त्वं येतात. तीव्र विषबाधा कशाला म्हणायचं, दीर्घकालीन कशाला, उपचारांची सर्वसाधारण दिशा कोणती, आणि मग बार्बिच्युरेट, मॉर्फिन, ऑर्गनोफॉस्फरस, शिसं, पारा, आर्सेनिक यांच्या विषबाधेची लक्षणं आणि उपचार. चार वर्षांच्या पदवीत विषशास्त्राला स्वतःच्या नावाने मिळालेली जागा जवळपास एवढीच. तीही सत्राच्या अखेरीस, जेव्हा मुलांचा जीव जर्नल पुरं करण्यात आणि सबमिशनमध्ये अडकलेला असतो.

मी हा विषय शिकवते. माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, रहिमतपूरच्या अलीकडचं. घरी आलं, ऊस आणि पावसाळ्यात सोयाबीन. वर्गात समोर बसणारी बहुतेक मुलं अशाच घरांतून येतात. कुणाचं घर देऊर-वाठार-पिंपोड्याकडचं, जिथला वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकनाने देशभर ओळखला जातो. कुणाचं कुमठ्याकडचं, कुणी खाली सांगलीच्या द्राक्षपट्ट्यातलं. मी विचारते, “घरी सध्या कोणकोणती औषधं आणून ठेवलीत?” मुलं धडाधड नावं सांगतात, पुस्तकातल्या नावांपेक्षा वेगाने. ठेवता कुठे, तर मोटरच्या खोलीत, गोठ्याच्या माळ्यावर, न्हाणीच्या खिडकीत. ज्यांच्या घरात विष इतकं हाताशी आहे, त्यांना ते अभ्यासात शेवटच्या युनिटमध्ये घाईघाईने भेटावं, याचं मला दुःख होतं आणि रागही येतो.

माझं म्हणणं साधं आहे. औषधशास्त्र आणि विषशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या महाविद्यालयांनी आपल्याच तालुक्यातल्या विषांचा अभ्यास हे आपलं पहिलं काम मानलं पाहिजे.

ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं शरीरात काय करतात, हे समजायला अवघड नाही. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन निरोप पोचवतं. निरोप पोचला की एक विकर त्याला लगेच मोडून टाकतं. ही कीटकनाशकं त्या विकरालाच जखडतात. मग ॲसिटिलकोलीन साचत जातं. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांतून पाणी येतं, पोटात मुरडा येतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात. शेवटी छाती पाण्याने भरते, श्वासाचे स्नायू थकतात आणि माणूस गुदमरतो.

पहिल्या पेपरच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘सशाच्या डोळ्यावर औषधांचा परिणाम’ हा प्रयोग आहे. आता तो संगणकावर होतो. सॉफ्टवेअरमधल्या सशाच्या डोळ्यात थेंब टाकला की पडद्यावर बाहुली लहान किंवा मोठी होते. प्राण्यांचे हाल थांबले, हे उत्तमच झालं. पण तीच बारीक झालेली बाहुली आपल्या वडिलांच्या डोळ्यात दिसली, तर ओळखायची कशी, हे आपण मुलांना शिकवलेलं नसतं. हे युनिट शिकवताना एक मुलगी तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, “मॅडम, आमच्या तात्यांना असंच झालं होतं. फवारून आले आणि लाळ गळायला लागली, घामानं भिजले. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. सरबत देऊन झोपवलं.” तिचे तात्या वाचले. घाम फुटलेला माणूस पाहिला की आपल्याकडे पहिला संशय उन्हाचाच येतो. घरातल्या एकाला जरी विषबाधेची लक्षणं ओळखता आली, तरी दवाखान्यात पोचायचा वेळ निम्म्याने कमी होईल, असं मला मनापासून वाटतं.

या विषावरचा मुख्य उतारा ॲट्रोपिन. बांधावर उगवणाऱ्या धोत्र्यात ज्या जातीची द्रव्यं असतात, त्यातलंच हे एक. धोत्र्याची बाधा झालेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं आणि बाहुल्या मोठ्या होतात, फवारणीची बाधा झालेल्याचं नेमकं उलट. एका शिवारातली ही दोन विषं शेजारीशेजारी मांडली, तर मज्जासंस्थेचं अर्धं औषधशास्त्र मुलांना पाठांतराशिवाय कळतं. मात्र ॲट्रोपिन हे डॉक्टरने रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून, मिनिटामिनिटाला पाहत द्यायचं इंजेक्शन आहे. छातीतली घरघर थांबेपर्यंत मात्रा वाढवत न्यावी लागते. धोत्र्याचा घरगुती प्रयोग कुणीही, कधीही करू नये.

दुसरा उतारा प्रॅलिडॉक्झिम. डॉक्टर त्याला ‘पॅम’ म्हणतात. ते विकराला विषाच्या तावडीतून सोडवतं. ते किती द्यावं, कसं द्यावं, यावर जगभर वाद होता. या वादात मोलाचा पुरावा आला तो बारामतीतून. गिरिराज हॉस्पिटलमध्ये डॉ. कीर्ती पवार, डॉ. रमेश भोईटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर रीतसर चाचणी केली. निम्म्यांना दर चार तासांनी ठरावीक मात्रा, निम्म्यांना ४८ तास अखंड जास्त मात्रा. अखंड मात्रा मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण १ टक्का होतं, दुसऱ्या गटात ८ टक्के. हा अभ्यास २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. पुढे २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत प्रॅलिडॉक्झिमचा असा फायदा दिसला नाही. वाद मिटलेला नाही. विष कोणतं होतं, रुग्ण किती वेळाने आला, हे बदललं की उत्तर बदलत असावं. म्हणजे हा प्रश्न सोडवायचा तर आपल्याच भागातले रुग्ण आणि आपल्याच दुकानांतली विषं मोजावी लागतील. बारामतीने ते करून दाखवलं. कोरेगावहून बारामती काही फार लांब नाही.

त्याआधीचं उदाहरण महाडचं. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावत होती. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं, हा क्रम त्यांनी ओळखला. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं, हे पाठ्यपुस्तकात होतंच. त्या दोन गोष्टी त्यांनी खेड्यातल्या खाटेपाशी जोडल्या. १९८६ मध्ये हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. गंभीर रुग्णांतला मृत्युदर ४० टक्क्यांच्या आसपास होता, तो १ टक्क्याच्या जवळ आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

महाड आणि बारामती, दोन्ही तालुक्याची गावं. औषधशास्त्राचं पुस्तक, रुग्णाची खाट आणि नोंदवही या तिन्ही गोष्टी तिथे एका ठिकाणी आल्या. आपल्याकडे कराडला शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे, कृष्णा अभिमत विद्यापीठ आहे. मिरजेला आणि आता साताऱ्यालाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी फार्मसी महाविद्यालयं तर जिल्हाभर आहेत. एम. फार्मसीला फार्माकॉलॉजी घेतलेले विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात. त्यांतले पुष्कळसे एखाद्या वनस्पतीचा अर्क काढून उंदराच्या पंजाची सूज मोजणारे असतात. त्यातून हात तयार होतो, पद्धत कळते, हे मला मान्य आहे. पण आल्याच्या प्लॉटवर दिवसभर फवारणीची गन धरणाऱ्या मजुराच्या रक्तात ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या त्या विकराची पातळी हंगामाच्या आधी किती आणि नंतर किती, हा प्रश्न त्याच विद्यार्थ्याच्या गावातला आहे. त्याची तपासणी अवघड नाही. हा प्रश्न आपल्याकडे प्रबंधाचा विषय झाला पाहिजे.

दुसरा मुद्दा मिश्रणाचा. पुस्तक एकेक विष वेगळं शिकवतं. शिवारात कुणी एकेक विष वापरत नाही. एका टाकीत कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि स्टिकर एकत्र पडतं, कारण मजुरी परवडत नाही आणि फवारणी एकदाच करायची असते. या मिश्रणांचा माणसावर एकत्रित परिणाम काय, याचं उत्तर पाठ्यपुस्तकात सापडत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये याची भयंकर किंमत मोजावी लागली. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. चौकशी झाली, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी आली. पण विषबाधेची पहिली लक्षणं गावागावांत दिसू लागली, तेव्हा ती एकत्र टिपून ठेवणारं कुणी असतं, तर धोक्याची सूचना आधीच मिळाली असती.

तिसरी गोष्ट बोलायला जड जाते, पण टाळता येणार नाही. दवाखान्यात येणाऱ्या विषबाधेतले अनेक रुग्ण हे विष प्यायलेले असतात. दुःखाच्या एका घटकेला हाताशी कोणतं विष आहे, यावर त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि काही दशकांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे आल्या-उसात सर्रास पडणारं थिमेट, म्हणजे फोरेट, त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आली. अशा बंदीनंतर आपल्या तालुक्यात मृत्यू किती कमी झाले, हे मोजणं विषशास्त्राचंच काम आहे. मन खचलेल्या माणसासाठी सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. फवारणीच्या सूचनांबरोबर हा क्रमांकही कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर असावा.

यावर मला दोन आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला असा की अभ्यासक्रम फार्मसी कौन्सिल देशपातळीवर ठरवते, महाविद्यालयाच्या हातात काय आहे? आहे. याच अभ्यासक्रमात सातव्या सत्रात ‘प्रॅक्टिस स्कूल’चे १५० तास आहेत आणि आठव्या सत्रात प्रकल्प आहे. या तासांत काय करायचं, हे ठरवायला महाविद्यालयाला मोकळीक आहे. दुसरा आक्षेप, फार्मसीची मुलं म्हणजे काही डॉक्टर नव्हेत. बरोबर आहे. त्यांनी उपचार करायचेच नाहीत. त्यांनी लेबल वाचायचं, लक्षणं टिपायची, नोंदी ठेवायच्या आणि घरच्यांना सांगायचं की बाधा झालेल्याचे कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, आणि डब्याच्या लेबलाचा फोटो घेऊन सरळ दवाखाना गाठा.

लेबल वाचणं हेच मोठं प्रॅक्टिकल आहे. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर विष सर्वांत जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. हा रंग उंदरांच्या प्रयोगांतून काढलेल्या प्राणघातक मात्रेवरून ठरतो. हीच मात्रा मुलं वर्गात पाठ करतात. उतारा कोणता, हेही लेबलावर छापलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरांत की चष्मा लावूनही दिसत नाही. मुलांनी ते मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहून दुकानात लावावं.

मोठं काम विद्यापीठांनी आणि सरकारने मिळून करायचं आहे. नवी दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ मध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र सुरू झालं आणि ते फार्माकॉलॉजी विभागातच आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरने रात्री दोन वाजता फोन करावा आणि पलीकडून विषाचं नाव, लक्षणं, उतारा मिळावा, ही त्यामागची कल्पना. पश्चिम महाराष्ट्रासाठी असं मराठीत बोलणारं केंद्र कराड, सातारा किंवा मिरजेच्या औषधशास्त्र विभागात उभं राहावं. इथे कोणत्या दुकानात काय विकलं जातं, आल्यावर आणि द्राक्षावर कोणत्या महिन्यात काय मारतात, हे त्या केंद्रातल्या माणसाला तोंडपाठ असावं. त्यासाठी लागणारी माहिती आपले विद्यार्थीच गोळा करू शकतात.

सातवं सत्र पावसाळ्यात सुरू होतं, म्हणजे घेवडा, सोयाबीन आणि आल्यावर फवारणी चालते नेमके तेच महिने. म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक फार्मसी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे: येत्या हंगामात प्रॅक्टिस स्कूलचे १५० तास एकेका तालुक्यातल्या विषबाधेच्या नोंदींना द्या, त्या नोंदी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांबरोबर तपासा आणि दिवाळीनंतर ग्रामसभेत वाचून दाखवा. कोरेगाव तालुक्याचं काम अंगावर घ्यायला मी आणि माझे विद्यार्थी तयार आहोत.