मैदानातले पदक आणि कचेरीतला कागद



आपल्या वस्तीतल्या पोरांच्या अंगात कबड्डी आहे, हे कोणी सांगायला नको. या खेळाला ना बॅट लागते, ना महागडे बूट. चुन्याच्या चार रेघा आणि छातीत दम असला की झाले. बोरी अरबसारख्या गावात, नाही तर दारव्हा तालुक्याच्या कोणत्याही वाडीवस्तीत, पीक निघालेल्या वावरातसुद्धा डाव रंगतो. पोट्टे गुडघे फोडून घरी येतात आणि माय हळद लावता लावता शिव्या देते. हे सर्व आपण पाहतोच. पण या खेळाची एक बाजू कचेरीत असते. तिकडे आपले फारसे लक्ष जात नाही, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

मध्यंतरी हमाली करणारे एक गृहस्थ आपल्या मुलाचे प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आले. जाड कागद, सोनेरी किनार, वर मोठ्या अक्षरात ‘राष्ट्रीय स्पर्धा’ आणि खाली तीन-तीन सह्या. प्रवेश फी, प्रवास व ट्रॅकसूट मिळून नऊ हजार रुपये गेले होते, तेही बचत गटातून उचललेले. पोराला पोलीस भरतीत खेळाडू म्हणून अर्ज करायचा होता. प्रमाणपत्र पडताळणीत टिकले नाही, कारण स्पर्धा घेणारी संघटना मान्यताप्राप्त नव्हती. पोरगा खोटा नव्हता. तो खरोखर खेळला, खरोखर जिंकला. पण ज्या कागदासाठी बापाने कर्ज काढले, त्या कागदाचे वजन कचेरीत शून्य निघाले.

हे असे का होते? महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतले. अनुसूचित जातीच्या जागांमध्ये त्या प्रवर्गातल्या खेळाडूंचा वाटा वेगळा धरला जातो. म्हणजे ही बाब थेट आपल्या मुलांच्या पोटाची आहे. 1 जुलै 2016 च्या शासन निर्णयाने या आरक्षणाचे नियम सुधारले. कोणत्या दर्जाच्या पदासाठी कोणत्या पातळीवरची कामगिरी लागते, हे त्यात ठरवलेले आहे आणि स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची असावी ही मुख्य अट आहे. प्रमाणपत्र आधी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून तपासून घ्यावे लागते. आपल्यासाठी ते कार्यालय अमरावतीला. बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, तेव्हापासून ही तपासणी अधिकच काटेकोर झाली आहे. आणि ती व्हायलाच हवी होती, कारण खोट्या कागदावर बसलेला माणूस खऱ्या खेळाडूची जागा खातो.

आता मान्यता म्हणजे काय, ते पाहू. कबड्डीत जिल्हा संघटना राज्याच्या संघटनेशी जोडलेली असते आणि राज्याची संघटना भारतीय हौशी कबड्डी महासंघाशी. आपल्याकडे विदर्भाची संघटना निराळी आहे. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा उतरतो, जसा रणजी करंडकात उतरतो तसा. शाळेच्या स्पर्धांची वाट आणखी वेगळी. 14, 17 आणि 19 वर्षांखालील मुलामुलींचे सामने राज्याचे क्रीडा खाते तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्यांनी घेते. या दोन वाटा सोडून तिसरीकडून कोणी ‘राष्ट्रीय’ म्हणत आले, तर तिथे थांबून विचारायचे.

पण याचा अर्थ मान्यताप्राप्त ते सारे पवित्र आणि बाकीचे सारे चोर, असा घेऊ नका. कबड्डीचेच उदाहरण घ्या. राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्षपद सुमारे अठ्ठावीस वर्षे एकाच गृहस्थांकडे राहिले आणि नंतर ते त्यांच्या पत्नीकडे गेले. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती निवड रद्द ठरवून प्रशासक नेमला. 2019 साली ‘न्यू कबड्डी फेडरेशन’ या वेगळ्या संघटनेने पुण्याच्या बालेवाडीत स्वतःची लीग सुरू केली. दरवाजा वर्षानुवर्षे एकाच घराकडे राहिला, तर शेजारी दुसरा दरवाजा कोणी तरी पाडणारच! पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय महासंघाला निलंबित केले. पुढाऱ्यांच्या या भांडणात आपल्या मुलींचे परदेशातले सामने धोक्यात आले, तेव्हा दोन महिला खेळाडू सर्वोच्च न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे सोपवायला सांगितले. मार्चमध्ये तेहरानला जाऊन त्याच आपल्या मुलींनी आशियाई अजिंक्यपद जिंकून आणले. त्या दोघी कोर्टाची पायरी चढल्या नसत्या तर?

वेगळ्या संघटनेत खेळला म्हणून खेळाडूलाच शिक्षा करण्याची खोड जुनी आहे. 2007 साली झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली. तिच्यात गेलेल्या खेळाडूंवर क्रिकेट मंडळाने बंदी घातली आणि 2009 मध्ये माफी दिली. जणू खेळणे हा गुन्हाच होता. बुद्धिबळातही मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळलेल्यांची नावे यादीतून काढली गेली. त्यावर 2018 साली भारतीय स्पर्धा आयोगाने अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाला 6.92 लाखांचा दंड केला. युरोपात बर्फावर स्केटिंग करणाऱ्या दोन डच खेळाडूंनी हाच प्रश्न लढवला आणि डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. कॅनडात तर 2023 साली किशोरांची एक मोठी आइस हॉकी लीगच राष्ट्रीय संघटना सोडून बाहेर पडली.

माझे मत विचाराल, तर वेगळी संघटना काढणे हा गुन्हा नाही. मंडळांचे गावोगावचे खुले सामने कोणाच्या मान्यतेने होतात? पण त्यांत कोणी फसत नाही, कारण बक्षीस रोख असते आणि कागदाचे आमिष नसते. फसवणूक होते ती ‘नोकरीत उपयोगी पडेल’ असे सांगून गरिबाकडून फी घेतली जाते तेव्हा. 2025 साली संसदेने क्रीडा प्रशासनाचा नवा कायदा केला. त्यात संघटनांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ आणि तंटे मिटवणारे न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. चांगले आहे. परंतु दिल्लीचे मंडळ आपल्या वस्तीत फी गोळा करणाऱ्याला अडवायला येणार नाही.

म्हणून पैसे देण्याआधी एक साधा अर्ज करा. कोऱ्या कागदावर लिहा, ‘अमुक संघटनेची अमुक स्पर्धा शासनाच्या 5 टक्के आरक्षणासाठी ग्राह्य आहे काय, ते कृपया लेखी कळवावे.’ स्पर्धेचे पत्रक जोडा आणि यवतमाळला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी उत्तरावर विसंबू नका. मी स्वतः कारकून आहे, तोंडी उत्तराची किंमत मला माहीत आहे. महिन्यात उत्तर आले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याची फी दहा रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही.