मांगुराच्या पोटातील कृमी आणि नव्या नावांची हौस

शेततळ्यात किंवा गावतळ्यात मासे पाळणाऱ्या आमच्या बंधूंस माशाचे पोट फाडताना पांढरे, चपटे कृमी कधी ना कधी दिसतातच. मांगुरात आढळणाऱ्या ह्या कृमींपासून, मासा नीट शिजविला असता, खाणाऱ्यास अपाय नाही. तेव्हा ते फेकून देऊन कामास लागावे अशीच बहुतेकांची रीत. परंतु एखाद्या वर्षी मासे खंगू लागतात, वजन धरीत नाहीत, आणि मग 'हा किडा कोणता?' हा प्रश्न घेऊन जाणत्याचे दार ठोठवावे लागते. ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळणे किती अवघड होऊन बसले आहे, हे आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. आमच्या मते, उपाय कोठे करावयाचा हे नावावरूनच ठरते. मांगुरातील पट्टकृमींचे अंग सांध्यासांध्यांचे नसून अखंड असते. ह्या गणातील कृमींची अंडी तळाशी पडतात, गांडुळाच्या कुळातील बारीक कृमी ती गिळतात, आणि हे चिखलातील कृमी मासा खातो. म्हणून येथे उपाय तळाचा : मासे काढल्यावर तळे वाळविणे, गाळ उपसणे, चुना टाकणे. उलट गवत्या, सायप्रिनस इत्यादि माशांत शिरणारा आशियाई पट्टकृमी सायक्लॉप्स नामक सूक्ष्म जलचरातून येतो. पायऱ्यांच्या विहिरींतून नारू पसरविणारा तो हाच सायक्लॉप्स. (नारूपासून आपला देश मुक्त झाल्याचे २००० साली जाहीर झाले.) ह्या कृमीचा मार बसतो तो मुख्यतः लहान बोटुकलीस, कारण सायक्लॉप्स हे तिचे अन्नच होय. तेथे केवळ गाळ उपसून भागत नाही. मत्स्यबीज सोडण्यापूर्वीच तपासावयास पाहिजे. ह्याच कृमीचे वर्णन जपानात यामागुती ह्यांनी १९३४ साली केले, आणि १९५५ साली चीनमध्ये गवत्यातील त्याच कृमीस निराळे नाव मिळाले. एका चोराची दोन ठाण्यांत दोन नावे लिहिली गेली, तर त्याचा माग कसा लागावा? आपल्याकडे गवत्या हाँगकाँगहून आणला गेला तो १९५९ साली.

आता मांगुराकडे वळू. १९२५ साली मोघे ह्यांनी त्यातील एका पट्टकृमीचे वर्णन प्रसिद्ध केले. तोच आज लायटोसेस्टस इंडिकस ह्या नावाने ओळखला जातो. ते नाव टिकले. परंतु पुढील काळात ह्या एकाच माशातून नव्या जातींचा असा काही पाऊस पडला की विचारू नये. २०११ साली भारत, इंडोनेशिया व थायलंड येथील ताजे नमुने आणि संग्रहालयांतील जुने नमुने ताडून पाहण्यात आले, तेव्हा खऱ्या जाती भरल्या अवघ्या ८; पन्नासाहून अधिक नावे रद्द ठरली. (खुद्द माशाचेही तेच झाले. २००८ साली जावातील मांगूर निराळा ठरला, आणि आपला मांगूर आता क्लॅरियस मागूर म्हटला जातो.)

असे का व्हावे? मेलेल्या माशात कृमी कुजतो, आक्रसतो. काचेखाली दाबला की पसरतो, आणि मग त्याच्या अंगाची मापे बदलतात. अशा एकदोन नमुन्यांवरून मापे घेतली की 'नवी जाती' तयार! मूळ नमुना सार्वजनिक संग्रहालयात ठेवलेला नसला, तर पडताळा पाहण्याचा मार्गही खुंटतो. शिवाय पदवी आणि बढती ह्यांच्या हिशेबात नवे नाव जड, जुन्या जातीची नीट ओळख हलकी. हे वजनमाप बदलल्यावाचून ही हौस ओसरावयाची नाही, असे आम्हांस वाटते.

नवी जाती शोधूच नये, असे आमचे म्हणणे नाही. आपल्या नद्यांतून अद्याप न वर्णिलेले कृमी असतील, आणि ज्यास ते सापडतील त्याचे आम्ही अभिनंदनच करू. मागणी एवढीच, की नमुने पुष्कळ असावेत, निरनिराळ्या वयांचे असावेत, ते न दाबता गरम फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले असावेत, एखादा तुकडा डीएनए तपासणीसाठी स्पिरिटमध्ये असावा, आणि मूळ नमुना कलकत्त्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणासारख्या संस्थेत कोणासही पाहता येईल असा जमा व्हावा. जुन्या वर्णनांशी तो ताडून झाल्यावरच नाव द्यावे.

ह्यात आपल्याकडेही थोडे काम येते. तपासणीसाठी मेलेला मासा पिशवीत घालून नेल्यास शास्त्रज्ञाचाही नाइलाज होतो. मासा जिवंत, त्याच तळ्याच्या पाण्यात न्यावा. सोबत तळ्याचे ठिकाण, बीज कोठून व केव्हा आणले, आणि तळे शेवटचे कधी वाळविले, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.