दुभाषी गैरहजर

मराठीच्या मास्तराने यंत्राच्या भानगडीत पडू नये, असे आमच्या घरात एकमताने ठरलेले आहे. तरी यंदा मी पडलो. कारण झाले आमच्या वेळापूरचे अर्धनारीनटेश्वराचे देऊळ.

तिथल्या यादवकालीन शिलालेखाची मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी सर्व अंगांनी शेकड्यांनी छायाचित्रे घेतली. पुण्याच्या भाच्याने ती जोडून संगणकात शिळेची त्रिमिती प्रतिकृती करून दिली. ती हवी तशी फिरवायची आणि प्रकाश तिरपा टाकायचा. मग समोरून पुसट वाटणारी रेघ सावलीमुळे वर येते. झिजलेली अक्षरे घरी बसून वाचण्याचा याहून सुखाचा मार्ग मला ठाऊक नाही.

पण घरचा संगणक दहा वर्षांचा. त्यावरच्या विंडोज 10 ची नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, पुढची आवृत्ती त्याला झेपेना. दुकानदार हसतमुखाने म्हणाला, "सर, नवीनच घ्या." भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स घाला. फुकट आहे आणि खुलं आहे. फक्त ताजी आवृत्ती घ्या." त्यानेच पूर्वी दिलेला डेबियन 11 चा पेनड्राइव्ह कपाटात पडला होता. मी तोच लावला. पुढचे रामायण या आळसाचे.

संगणक सुरू झाला खरा. पण अक्षरे ताणलेली, आणि शिळा फिरवू जावे तर ती जागची हलेना. आतला पंखा मात्र असा घरघरू लागला की, हिने स्वयंपाकघरातून विचारले, "घरात गिरणी कधी घातलीत?"

भाच्याने फोनवरून एक आज्ञा टंकायला लावली. पडद्यावर उत्तर उमटले : एलएलव्हीएमपाइप.

"मामा, तुमचं ग्राफिक्स कार्ड झोपलंय. सगळी चित्रं बिचारा प्रोसेसर एकटा काढतोय!"

प्रकरण असे आहे. ग्राफिक्स कार्डात शेकडो छोटे गणिती एकाच वेळी काम करतात. चित्रातल्या ठिपक्यांचे रंग ते आपसात वाटून घेतात. मुख्य प्रोसेसरला हात मोजके. परंतु या कार्डाची भाषा त्याची स्वतःची. मध्ये दुभाषी लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाषी गैरहजर असला की कार्ड घरात असून नसल्यासारखे.

इथे मला आमचे महानुभाव आठवले. त्यांनी आपले मराठी ग्रंथ सकळ लिपीत लपवले. भाषा आपलीच, पण किल्ली पंथाबाहेर नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ती कुलपे उघडली, तेव्हा कुठे ते भांडार सर्वांच्या हाती आले. कार्डांचेही तसेच झाले. 'एनव्हिडिया'च्या कार्डांची किल्ली मिळेना, तेव्हा काही स्वयंसेवकांनी कंपनीचा ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो ते टिपून घेतले आणि त्यावरून 'नूव्हो' नावाचा खुला दुभाषी घडवला. 2010 मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. 'एएमडी'ने 2007 पासून आपल्या कार्डांची माहिती खुली करायला सुरुवात केली. माझे कार्ड या दुसऱ्या घरचे.

मग अडले कुठे? खुल्या दुभाष्यालाही कामाच्या आरंभी कार्डात एक पुडी सोडावी लागते. तिला फर्मवेअर म्हणतात. ती कंपनीची, आणि आत काय आहे ते बाहेरच्याला वाचता येत नाही. डेबियनवाले सोवळे, अकराव्या आवृत्तीच्या मुख्य पेनड्राइव्हात त्यांनी अशी पुडी ठेवलीच नव्हती. 2022 मध्ये त्यांनी मतदान घेऊन हे सोवळे सैल केले, आणि 2023 च्या बाराव्या आवृत्तीपासून पुड्या बरोबरच येऊ लागल्या. भाच्याचे ऐकले असते तर हा घोळच झाला नसता.

मला त्या सोवळ्याचे हसू येत नाही. आज एक बंद पुडी घेतली, उद्या दहा घ्याल, ही त्यांची भीती खोटी नव्हे. तरीही मी असतो तर मत पुडीच्या बाजूनेच दिले असते. पडदाच नीट दिसत नसेल, तर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचायचा कशावर? (फारसी शब्द मराठीतून हाकलू पाहणाऱ्यांशीही मी असाच भांडत आलो आहे.)

भाच्याने सांगितल्याप्रमाणे डेबियनच्या यादीत 'नॉन-फ्री' हा शब्द घातला, यादी ताजी केली आणि 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' नावाची पुडी उतरवून घेतली. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पंखा निवांत. तीच आज्ञा पुन्हा टंकली, तर या वेळी कार्डाने स्वतःचे नाव सांगितले.

शिळा बोटाबरोबर फिरू लागली. डावीकडून प्रकाश टाकला, आणि इतके दिवस आम्ही ज्याला 'प' म्हणत होतो, त्याच्या पोटात एक आडवी रेघ दिसली. 'ष' तर नव्हे?

"मामा, चाललं का?" भाचा विचारत होता. मी विजेरी शोधत होतो. देऊळ अजून उघडे असणार.