संघ जिंकेलही, तक्रार कुठे जाईल?

ऑगस्ट उजाडला की टेक्सासमधल्या वेको शहरात चर्चा सुरू होते: यंदा बेलर विद्यापीठाचा फुटबॉल संघ किती सामने जिंकणार? (आपला फुटबॉल नव्हे, चेंडू हातात घेऊन पळायचा तो अमेरिकन खेळ.) क्वार्टरबॅक कसा आहे, बचावफळी टिकेल का, आशा बाळगावी की नाही, याचा हिशेब मांडला जातो. आमचा आक्षेप या हिशेबालाच आहे.

2013 आणि 2014 या दोन्ही हंगामांत हा संघ 11-11 सामने जिंकला. ब्राझोस नदीकाठी नवे स्टेडियम उभे राहिले. आशावादी लोक अगदी बरोबर ठरले! आणि त्याच काळात विद्यार्थिनी बलात्काराच्या तक्रारी घेऊन दारे ठोठावत होत्या. मे 2016 मध्ये विद्यापीठाच्या विश्वस्तांनीच चौकशीचे निष्कर्ष जाहीर केले: फुटबॉल विभागातली माणसे खेळाडूंवरच्या तक्रारींची चौकशी स्वतःच करत, बाहेर कळवत नसत. 'घरातलं घरात मिटवा.' सल्लाकेंद्रात बसणाऱ्या कोणत्याही कार्यकर्तीला ही रीत नवी नाही.

प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स गेले, पण दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम घेऊन. विद्यापीठाचे अध्यक्ष केन स्टार यांचेही पद गेले. त्याच नोव्हेंबरात स्टेडियमबाहेर ब्राइल्स यांच्या आद्याक्षरांचे काळे शर्ट विकले गेले. मुलींच्या नावाने कोण शर्ट काढणार? त्यांना तर नावही लपवून कोर्टात जावे लागले, आणि 2016 च्या त्यांच्या दाव्यात तडजोड व्हायला 2023 उजाडले.

2021 मध्ये क्रीडा नियामक संस्था एनसीएएने निर्णय दिला की तक्रारी न कळवणे हा आमच्या नियमांचा भंग ठरवता येत नाही. खेळाडूला नियमाबाहेर काही फुकट दिले तर मात्र तो भंग होतो! त्याच हंगामात संघ पुन्हा विजेता झाला.

सगळे खेळाडू गुन्हेगार आहेत, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी खेळावे, जिंकावे. पण आशेला आधार हवाच असेल तर तो मैदानाबाहेर आहे. 2019 मध्ये टेक्सासने कायदा केला: लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही न कळवणारा विद्यापीठाचा कर्मचारी गुन्हेगार ठरतो, आणि तक्रारींचा आकडा विद्यापीठाने जाहीर करायचा. हंगामाची भाकिते लिहिणाऱ्यांनी तो आकडाही संघाच्या यादीशेजारी छापावा.