एक रकाना वाढवा

प्रति,
संचालक, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, नवी दिल्ली



आपला ‘क्राइम इन इंडिया’ अहवाल चांगला जाडजूड असतो, पण बलात्काराच्या वादात त्यातले दोनच आकडे फिरतात. 2022 साली देशात बलात्काराचे 31,516 गुन्हे नोंदले गेले आणि दोषसिद्धीचं प्रमाण होतं 27.4 टक्के. पुरुष हक्क चळवळीतले अनेक जण यावरून चटकन हिशेब मांडतात: शंभरातले बहात्तर सुटले, म्हणजे बहात्तर बायका खोटं बोलल्या. जानेवारी 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात वैवाहिक बलात्कारावर सुनावणी चालू असताना समाजमाध्यमांवर ‘मॅरेज स्ट्राइक’ची, म्हणजे लग्नच न करण्याची हाक उठली, तिच्यामागेही खोट्या तक्रारींची हीच धास्ती होती.

सुटका झाली म्हणजे तक्रार खोटी, हे महाराष्ट्राला तरी पटू नये. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, हे त्यातलं एक कारण. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आंदोलन पेटलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. आपल्या तक्त्यात मात्र असा खटला ‘निर्दोष मुक्तता’ एवढ्यावरच संपतो.

तरीही पुरुष हक्क चळवळीची तक्रार निव्वळ हवेतली नाही. पत्रकार रुक्मिणी एस. यांनी दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांचे 2013 मधले निकाल एकेक करून वाचले. पूर्ण चाललेल्या 460 खटल्यांपैकी 189 पळून गेलेल्या किंवा राजीखुशीने एकत्र आलेल्या जोडप्यांचे होते, आणि तक्रार बहुधा मुलीच्या घरच्यांची. आणखी 109 लग्नाचं वचन मोडल्याचे. फिर्यादींमध्ये गुंगीचं औषध घातलेलं पेय आणि धावती गाडी पुन्हा पुन्हा यायची. मुलगी कोर्टात उभी राहून सांगायची, मी आपणहून गेले होते. पोरगा तुरुंगात गेला हे खरंच. पण त्याला अडकवणारी ती नव्हती, जातीची आणि घराण्याची अब्रू सांभाळणारे तिचे आईबाप होते. पुरुष हक्कवाल्यांच्या भाषणांत हे आईबाप क्वचितच येतात.

पोलिसांकडे निदान वर्गवारी आहे. महाराष्ट्रात मुद्दाम रचलेल्या तक्रारीला ‘बी समरी’, गैरसमजातून झालेल्या तक्रारीला ‘सी समरी’. कोर्टातून सुटलेल्यांची अशी विभागणी आपल्या अहवालात नाही; ती द्यावी, ही माझी पहिली मागणी. फिर्याद कोणी दिली? साक्षीदार फितूर झाले, तपास कच्चा राहिला, की न्यायाधीशांनीच तक्रार बनावट ठरवली? निकालपत्रांत हे लिहिलेलं असतं. पोलीस आणि न्यायालयांच्या संगणक यंत्रणा जोडण्याचं काम आपल्याकडेच असल्याने ‘माहिती आमच्या हातात नाही’ ही सबब लंगडी ठरते.

दुसरी मागणी खरं तर चळवळीनेच रेटायला हवी होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जुन्या दंड संहितेतलं कलम 377 गेलं. त्यामुळे प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर त्यासाठी स्वतंत्र कलम उरलेलं नाही. नोंद मारहाणीखाली किंवा तशाच कशात तरी होणार. कलम 377 ठेवा, असं संसदीय समितीने 2023 मध्येच सुचवलं होतं. नवं कलम आणणं आपल्या हातात नाही. पण असे गुन्हे राज्यांकडून वेगळे मागवायला आपल्या नमुन्यात एक रकाना पुरेसा आहे.

कळावे,
एक वाचक