कादंबरीतला जमाखर्च

निवृत्तीनंतर करायच्या म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. एक, गुडघ्यांचा इलाज. दुसरी, कॉलेजात असताना गाईडवर भागवलेल्या व्हिक्टोरियन कादंबऱ्या मुळातून वाचणे. गुडघे आहेत तसेच आहेत. कादंबऱ्या मात्र बऱ्याच वाचून झाल्या. जॉर्ज एलियटच्या 'मिडलमार्च'चा ठोकळा छातीवर ठेवून मी एका दुपारी डुलकी घेत होतो. ते पाहून सौभाग्यवतींनी विचारले, "एवढे आहे तरी काय त्यात?" मी म्हटले, "जामीनदारी." त्यांना वाटले, मी झोपेत बरळतो आहे.

पण त्यात खरोखरच जामीनदारी आहे. व्हिक्टोरियन कादंबरी म्हटले की आपल्याला अनाथ मुले, लंडनचे धुके, पाद्री आणि शेवटच्या प्रकरणातले लग्न एवढेच आठवते. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे हिशेब. माणसाच्या डोळ्यांचा रंग कळण्याआधी त्याचे वार्षिक उत्पन्न कळते. शार्लट ब्रॉन्टेच्या जेन एअरला काकाकडून २० हजार पौंड मिळतात, तेव्हा ती आपल्या तीन भावंडांना बरोबर घेऊन त्याचे चार सारखे भाग करते. तिचा स्वभाव सांगायला दहा पाने खर्च केली असती, तरी या एका भागाकाराइतके काम झाले नसते. उलट थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर'मधली बेकी शार्प आणि तिचा नवरा एका निवृत्त बटलरच्या घरात भाडे न देता ऐटीत राहतात. त्यांची चैन सगळ्यांना दिसते. तो बिचारा घरमालक मात्र धुळीला मिळतो. थॅकरे त्याचाही हिशेब ठेवतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

याला कारणेही होती. १८४०च्या दशकात रेल्वेच्या शेअरांनी अर्ध्या इंग्लंडला वेड लावले होते. बँका बुडत होत्या, आणि भागधारकाची जबाबदारी मर्यादित करणारा कायदा १८५५ साली आला. कर्ज फिटले नाही तर तुरुंग ठरलेला. १८२४ साली डिकन्सचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला ६ शिलिंगांवर बाटल्यांना लेबले चिकटवत होता. तिशी-चाळिशी उलटली तरी ते लेबल त्याच्या बोटांवरून निघाले नाही. 'लिटल डॉरिट'ची नायिका त्याच तुरुंगात जन्मते आणि त्याच कादंबरीत मर्डल नावाचा, सगळे लंडन ज्याच्या पाया पडते असा वित्तसम्राट शेवटी निव्वळ भामटा निघतो. ही मंडळी ज्या जगात राहत होती, त्याचीच गोष्ट सांगत होती.

या सगळ्यात माझा जीव जडला तो मात्र एका लहान पुस्तकावर. एलिझाबेथ गॅस्केलचे 'क्रॅनफर्ड' १८५१ ते १८५३ या काळात डिकन्सच्याच साप्ताहिकात तुकड्यातुकड्याने येत होते. त्यातल्या मिस मॅटी या साध्याभोळ्या प्रौढ कुमारिका. रेशमी कापड घ्यायला त्या दुकानात जातात. शेजारी एक शेतकरी बायकोसाठी शाल घेत असतो. त्याची पाच पौंडांची नोट दुकानदार नाकारतो. ती नोट काढणारी बँक बुडणार असल्याची कुणकुण त्याला लागलेली असते. मिस मॅटींचे सारे पैसे त्याच बँकेत, त्या तिच्या भागधारक. त्या शांतपणे पिशवीतली सोन्याची पाच नाणी काढून शेतकऱ्याला देतात आणि ती नोट स्वतःकडे घेतात. कापड घ्यायचे राहून जाते. त्यांचे म्हणणे एवढेच, की बँकेत माझाही भाग आहे, तर या माणसाचे नुकसान मी कसे पाहू?

बँक बुडतेच. मिस मॅटींना वर्षाकाठी १३ पौंड उरतात. मग त्या चहा विकू लागतात. पण त्याआधी गावातल्या वाण्याकडे जाऊन विचारतात, माझ्यामुळे तुमचा धंदा तर बसणार नाही ना? बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात मी जबाबदारी या विषयावर पुष्कळ व्याख्याने ऐकली, चार स्वतःही दिली. मिस मॅटींसारखे कोणी बोलले नाही. मीही नाही.

मग ही कादंबरी गेली कुठे? पुष्कळसे श्रेय, किंवा अपश्रेय, पुन्हा पैशाचेच आहे. साडेएकतीस शिलिंगांची तीन खंडांची कादंबरी सामान्य माणसाला विकत घेणे शक्य नव्हते. ती मूडीच्या फिरत्या ग्रंथालयातून वर्षाला एक गिनी वर्गणी भरून वाचायची. मूडीला तीन खंड सोयीचे, म्हणून लेखक उपकथानके घालून तीन खंड भरत. मूडीला घरातल्या मुलीबाळींसमोर वाचता येईल तेच चाले, म्हणून लेखक जपून लिहीत. १८९४ साली ग्रंथालयांनीच एवढा पैसा द्यायला नकार दिला आणि दोन-चार वर्षांत तीन खंडी कादंबरी संपली. पुस्तक लहान आणि स्वस्त झाले, लेखकावरचा पहाराही ढिला झाला. पुढे पहिले महायुद्ध आले. सगळे धागे शेवटच्या प्रकरणात नीट बांधून देणाऱ्या जगावर कोणाचा विश्वास राहिला नाही.

व्हर्जिनिया वुल्फने १९२४ साली अर्नॉल्ड बेनेटसारख्या आधीच्या पिढीच्या लेखकांना धारेवर धरले. तिचा आक्षेप असा, की आगगाडीच्या डब्यात समोर बाई बसली आहे आणि हे लेखक तिच्या घराचे भाडे किती, याची चौकशी करत बसतात. बाई हातून निसटते. आक्षेप खरा होता. मृत्युपत्रे, हरवलेले वारस, योग्य वेळी मरणारे काका यांच्या जोरावर सुटणारी कथानके मलाही सोसत नाहीत. माणसाच्या मनात क्षणोक्षणी काय चालते, हे नव्या लेखकांनी दाखवले, आणि ते फार मोठे काम होते.

माझी तक्रार आमच्या पिढीविषयी आहे. आम्ही त्यांच्याकडून मन घेतले आणि भाडे सोडून दिले. त्यांनी स्वतः ते सोडले नव्हते. जॉइसच्या 'युलिसिस'मध्ये ब्लूमच्या दिवसाचा जमाखर्च दोन रकान्यांत चक्क मांडलेला आहे, आणि वाईट वस्तीत गेलेले पैसे त्याने त्यातून गाळले आहेत! खोट्या ताळेबंदाचा इतका सुंदर नमुना मी तपासणीतही पाहिला नाही. वुल्फनेही १९२९ साली लिहिणाऱ्या बाईला काय हवे ते सांगताना स्वतःच्या खोलीबरोबर वर्षाला ५०० पौंड असा आकडाच सांगितला. टी. एस. एलियट तर 'द वेस्ट लँड' लिहिताना लॉइड्स बँकेत नोकरीला होता, या माहितीवर मी नोकरीची बरीच वर्षे काढली.

माझ्या पहिल्या दोन कादंबऱ्यांचे नायक मात्र काय खातात, कोणाच्या जिवावर खोली घेऊन राहतात, याचा पत्ता लागत नाही. ते छताकडे पाहतात. एका समीक्षकाने त्याला अस्तित्वाचा पेच म्हटले होते. मला तेव्हा फार बरे वाटले होते.

१९९४ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तिथल्या प्राथमिक शाळेतले एक गुरुजी भाच्याच्या जीपच्या कर्जाला जामीन राहिले होते. भाचा जीप घेऊन कुठे गेला ते कळले नाही, हप्ते थांबले. नियमाप्रमाणे गुरुजींना नोटीस गेली. सही माझी. पगारातून कपात सुरू होण्याआधी ते स्वतःच आले, धुतलेले धोतर, डोक्याला टोपी. पोस्टातल्या रिकरिंगचे ११ हजार रुपये त्यांनी टेबलावर मोजून ठेवले. "मुलीच्या डी.एड.साठी होते," म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. रक्कम कुठून आली, ते साहेबाला सांगायला हवे म्हणून सांगितले. मी काहीतरी पुटपुटलो. तेच म्हणाले, "साहेब, सही माझी आहे ना." मी पावती फाडून दिली. त्या रात्री घरी येऊन मी कादंबरीतली चार पाने लिहिली. चारही पानांत छताचा पंखा फिरत होता.

'मिडलमार्च'मध्ये केलेब गार्थ नावाचा सज्जन गृहस्थ फ्रेड या उनाड तरुणाला १६० पौंडांसाठी जामीन राहतो. फ्रेड पैसे घोड्याच्या व्यवहारात घालवतो, हातात ५० उरतात. तो गार्थांच्या घरी जाऊन हे सांगतो. बाई स्वयंपाक करता करता मुलांना शिकवत असतात. एका मुलाला कामाला लावण्यासाठी त्यांनी ९२ पौंड साठवले आहेत, ते जातात. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या मेरी या थोरल्या मुलीच्या साठवणीतले १८ जातात. मी पेन्सिलने समासात बेरीज केली. बरोबर जमते. आणि फ्रेडला त्या घरात उभे असताना पहिल्यांदा कळते, की आतापर्यंत आपण फक्त स्वतःच्या नामुष्कीचा विचार करत होतो. या लोकांचे काय जाईल, हे आपल्या मनात आलेच नव्हते. मन आणि रक्कम एकाच वाक्याच्या अंतरावर. हेच पुस्तक वुल्फने मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या मोजक्या इंग्रजी कादंबऱ्यांत गणले होते. तिला ते दिसले होते.

त्या पानावर मी पुस्तक मिटले, ते चार दिवस उघडले नाही. गुरुजींचा चेहरा आता मला नीट आठवत नाही, ११ हजार आठवतात. मुलगी पुढे शिकली का, हे मला ठाऊक नाही. त्या शाखेत मी आणखी दोन वर्षे होतो, गुरुजी दर महिन्याला पगार काढायला यायचे. मी विचारले नव्हते.